बिनफोडणीचं घर

उमरेडच्या कोष्टीपुऱ्यात भिंती पातळ आहेत. कोणाच्या घरी काय शिजतं हे शेजाऱ्याला नाकानं कळतं आणि कोणाच्या घरी काय बिनसलं हे कानानं. बाबनराव परात्यांच्या घरचा रस्सा तर पार बसस्टँडपर्यंत घमघमायचा, असं लोक सांगत. लोक वाढवूनच सांगतात, पण अगदीच खोटंही नव्हतं.

बाबनराव आचारी. त्यांचा बाप मागावर बसून लुगडी विणायचा. पुढे मागावर पोट भरेना, तेव्हा बाबनरावांनी घरातला मागाचा खड्डा बुजवला, वर फरशी घातली आणि धोट्याऐवजी हातात झारा घेतला. ज्या पुऱ्यात प्रत्येक पुरुष स्वतःला सावजी रश्श्याचा बादशहा समजतो, तिथे आचारी म्हणून नाव काढणं म्हणजे गंमत नव्हे. बाबनरावांनी ते काढलं. लग्नघरी ते आले की नवरदेवाचा बापसुद्धा चुलाण्याजवळ जरा जपून बोलायचा. मसाला मात्र त्यांची बायको प्रेमिला कुटून द्यायची. तिच्या हातचाच मसाला लागायचा, हे ते चारचौघात कबूल करत नसत, घरी मात्र करत.

आता त्याच बुजवलेल्या खड्ड्यावर लोखंडी खाट टाकली होती आणि बाबनराव तिच्यावर पडून होते. फरशी थोडी खचलेली, म्हणून खाटेच्या एका पायाखाली विटेचा तुकडा दिलेला. उभा जन्म तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. रस्सा चाखायच्या आधी खर्रा थुंकायचा आणि चाखून झाला की पुन्हा गालात भरायचा. शेवटी त्या गालातच कॅन्सर निघाला. नागपूरला अर्धा जबडा काढला, वाटलं निभावलं. पण जखम पुन्हा उघडली, मानेला गाठी आल्या. डॉक्टरांनी प्रेमिलाला बाहेर बोलावून सांगितलं, "आता घरी न्या. त्रास होणार नाही एवढं बघू." म्हणजे काय ते तिला समजलं. समजायला शिक्षण लागत नाही.

नाकातून नळी घातली होती. जीभ नव्हतीच म्हणायची, बोलणं संपलं होतं. मुलगी भारती सावनेरहून आली तेव्हा तिनं पाटी आणून उशाशी ठेवली, "बाबा, लिहून सांगत जा." पण शाळेशी बाबनरावांचं लहानपणीच बिनसलं होतं. सहीच्या पलीकडे त्यांचा हात कधी वळला नाही. पाटी कोरीच राहिली. भारतीच्या नवऱ्याची कोळशाच्या खाणीत पाळी, पोरांच्या परीक्षा. ती रडत रडत परत गेली आणि फोनवर रडत राहिली.

सुरुवातीला लोक आले. जबडा नसलेल्या माणसाला भेटायला येताना केळी घेऊन आले. मग जखमेला वास यायला लागला तसे दारातूनच बोलून जाऊ लागले, आणि मग तेही नाही. घरात बोलणारी एकटी प्रेमिला. ती विचारायची, "कूलर वाढवू का?" आणि उत्तरही तीच द्यायची, "राहू द्या, पाणी संपून राहिलं."

तिचा दिवस कापसानं सुरू व्हायचा. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून जखम पुसायची, पांढरी भुकटी टाकायची, पट्टी बांधायची. माशा येऊ नयेत म्हणून खाटेवर मच्छरदाणी. मग दाळ शिजवायची, मिक्सरमधून काढायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची. उशाखाली दुसरी उशी देऊन त्यांना उठतं बसवायचं, नळीला मोठी पिचकारी लावायची आणि ते पाणी हळूहळू सोडायचं. वरून साधं पाणी, नळी साफ व्हायला. दुखण्याची गोळीही कुटून तशीच द्यायची. सुरुवातीला तिचा हात थरथरायचा. आता थरथरत नसे, आणि याचंच तिला कधी कधी वाईट वाटायचं.

दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी एक गोष्ट घडली होती. प्रेमिला भुकेली होती. तिनं सवयीनं कढई चढवली, जवसाचं तेल टाकलं, मोहरी, लसूण, लाल तिखट. चर्र आवाज झाला, घर भरून गेलं. आणि खाटेवरून गुरगुरल्यासारखा आवाज आला. ती धावली. बाबनरावांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. पट्टीखालून लाळ गळत होती, गळ्याची घाटी वरखाली होत होती, जशी काही घास गिळायला बघतेय. ज्या माणसानं हजारो लोकांना जेवू घातलं त्याच्या नाकात वास जातो आणि तोंडात काही जात नाही. प्रेमिलाला ते बघवलं नाही. तिनं गॅस बंद केला, कढई तशीच मागच्या दारी नेऊन मातीत उलटी केली.

"नाई करत आता," ती त्यांना म्हणाली. "या घरात आता फोडणी नाई. माही शपथ."

तेव्हापासून तिनं स्वतःसाठी काही केलं नाही. नळीसाठी शिजलेली दाळ उरली तर ती, नुसती, पाण्यासारखी. शेजारची इंदुताई भिंतीवरून झाकलेलं ताट द्यायची. प्रेमिला ते मागच्या आंगणात, धुण्याच्या दगडाआड उकिडवी बसून, भिंतीकडे तोंड करून भराभरा खायची. मग तोंड धुवायची, पदरानं हात तीन-तीनदा पुसायची, वास राहू नये म्हणून.

"काहून वं वैनी, चोरावानी खाऊन राहिली?" इंदुताईनं एकदा भिंतीवरून विचारलं.

"त्याइले वास नको जाया."

"असं कुटं असते का? तू जगशीन तं त्याइचं करशीन."

"जगून राहिली ना मी," प्रेमिला म्हणाली आणि ताट विसळायला बसली.

मागचं दार खाटेच्या बरोबर समोर येतं. भिंतीवरून येणारा इंदुताईचा हात आणि झाकलेलं ताट खाटेवरून दिसतं. बाबनराव दिवसभर तिकडेच बघत पडलेले असायचे.

लग्नसराई जोरात होती. संध्याकाळ झाली की कुठून ना कुठून बँड वाजायचा. एक दिवस जितेंद्र आला. हा बाबनरावांच्या हाताखाली कांदे चिरून मोठा झालेला, आता स्वतः ठेके घेणारा. दारात चप्पल काढून उभा राहिला, नाकाला रुमाल लावावा की नाही हे त्याला ठरवता येईना.

"काकू, कसे हायेत काका?"

"हायेत. ये ना आत."

तो आत आला, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, दोन्ही हात जोडले. बाबनरावांनी मान हलवली. मग जितेंद्र परत दाराशी आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, परवा भिवापुरात मोठं लगन हाये. काकाची मोठी कढई अन् तो लांब झारा... पडूनच हाये ना. नेऊ का? काका उठतीन तवा आणून देतो."

काका उठणार नाहीत हे त्यालाही माहीत होतं, तिलाही. जग असंच बोलतं. प्रेमिला म्हणाली, "ने ना गा. गंजून जाईन पडून पडून."

माळ्यावरून कढई उतरवताना ती भिंतीला घासली आणि घणघण वाजली. जितेंद्रनं ती डोक्यावर पालथी घेतली, झारा खांद्यावर टाकला. जाताना त्यानं काकांना पुन्हा हात जोडले, पण बाबनरावांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. प्रेमिलाला वाटलं, झोप लागली असेल.

त्या रात्रीपासून नाही, दुसऱ्या सकाळपासून भांडण सुरू झालं. बिनशब्दांचं भांडण, ज्यात समोरचा का भांडतो हेच कळत नाही. ती पिचकारी घेऊन आली तर त्यांनी नळी मुठीत आवळून धरली.

"अवो, सोडा ना. दाळीचं पाणी हाये."

मूठ सुटेना. आजारी माणसाच्या बोटांत एवढा जोर कुठून आला! तिनं एकेक बोट उकलायला बघितलं तर त्यांनी दुसऱ्या हातानं तिचं मनगट बाजूला सारलं. दाळीचं पाणी चादरीवर सांडलं.

"दुखते का? गोळी देऊ?"

नाही.

"पोट फुगलं का?"

नाही.

"मंग काय झालं? माह्याशी काहून असं करून राहिले?"

बाबनरावांनी डोळे मिटले. दुपारी कसंबसं पाणी गेलं. संध्याकाळी पुन्हा मूठ. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, शेवटी शेवटी पेशंटची खाण्याची इच्छा जाते, जबरदस्ती करू नका. प्रेमिलानं फोन ठेवला. इच्छा गेली असती तर तिला कळलं असतं. ही इच्छा गेलेल्या माणसाची मूठ नव्हती, रागावलेल्या माणसाची होती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला तेवढं कळत होतं.

पुढच्याच दिवशी ती मागं कपडे धूत होती. आत भांडं पडल्याचा आवाज झाला म्हणून धावली, तर खाट रिकामी. बाबनराव स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभे. नळी लोंबकळतेय, पाय लटपटताहेत. त्यांनी घरची लहान कढई शेगडीवर ठेवली होती. एका हातानं बटण फिरवून राहिले होते, दुसऱ्या हातात काडीपेटी. गॅसचा वास सुटलेला.

माणूस इतका कंटाळला की पेटवून घ्यायला निघाला! तिनं झडप घालून काडीपेटी हिसकावली, बटण बंद केलं, रेग्युलेटर फिरवला.

"असं करू नका वो! माहं काय होईन? भारतीचं काय होईन?"

ते मान हलवत होते, जोरजोरानं, कढईकडे बोट दाखवत होते. पण ती रडत होती आणि रडणाऱ्याला बोट दिसत नाही. तिनं त्यांना काखेत धरून खाटेवर आणलं. नवरा इतका हलका झाला होता की तिला तेही एक दुखणंच वाटलं. मग तिनं कढई उचलून माळ्यावर टाकली, काडीपेट्या भिंतीवरून इंदुताईकडे दिल्या. दाळ शिजवायला गेली की एक काडी मागून आणायची. बाबनरावांनी हे सगळं खाटेवरून पाहिलं आणि हाताच्या पंजानं कपाळ बडवून घेतलं.

त्यानंतर त्यांनी तिला बोटानं जवळ बोलावलं. तिला वाटलं, नाक पुसायचं असेल. ती वाकली. त्यांनी अंगठा उचलला आणि तिच्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं, एकदा, आणि राहिलेलं दुसऱ्यांदा. मग अंगठा चादरीला पुसला.

प्रेमिला मागच्या आंगणात जाऊन धुण्याच्या दगडावर बसली. ऊन डोक्यावर होतं, दगड भाजत होता, पण तिला उठवेना. जिवंत नवऱ्यानं बायकोचं कुंकू पुसलं, हे कोणाला सांगायचं? भारतीचा फोन आला. "कसे हायेत बाबा?" "हायेत तसेच." "तू जेवली का?" "जेवतो ना." बस, एवढंच. इंदुताईनं ताट दिलं ते तिनं गायीला घातलं.

तो मरणार, हे तिनं केव्हाच मान्य केलं होतं. रडून झालं होतं, देवाशी भांडून झालं होतं. पण तो तिच्यावर रुसून मरणार, आणि रुसवा कशाचा हे तिला कधीच कळणार नाही, हे तिला सहन होईना. एकट्या बाईनं पुढचं सगळं आयुष्य हेच कोडं घेऊन काढायचं का? तिनं आत येऊन पुन्हा कुंकू लावलं. खाटेकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

वच्छलाबाई आल्या त्या अशा वेळी. बाबनरावांची मोठी बहीण, नागपूरला सक्करदऱ्याकडे लेकाकडे राहणारी विधवा बाई. गुडघे गेलेले, तोंड शाबूत. बसमधून उतरल्यापासून कंडक्टरला नावं ठेवत आल्या. दारात पाय ठेवताच थांबल्या आणि नाक वर करून हुंगलं. प्रेमिलाला वाटलं, जखमेचा वास आला.

"पट्टी आताच बदलली, बाई."

"पट्टीचं नाई म्हणत वं मी," वच्छलाबाई म्हणाल्या, पण काय म्हणायचंय ते त्यांनाही नीट उमगलं नसावं. भावाजवळ बसल्या, त्याच्या हाडकुळ्या हातावर हात फिरवला, बडबडत राहिल्या. लहानपणी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दोघं कशी बसायची, बाबन सुताच्या कांड्या भरता भरता कसा झोपायचा, बाप कसा धोटा फेकून मारायचा. बाबनराव बघत होते, पण त्यांचा चेहरा काही सैल पडला नाही.

दुपार झाली. वच्छलाबाईंना जेवण वाढायचं होतं. प्रेमिला अडखळली. मग नळीसाठीच्या दाळीतली दाळ आणि भात वाढला. पांढरा भात, पिवळं पाणी. बाजूला मिठाची चिमूट आणि इंदुताईकडची भाकर. ताट खाटेजवळच मांडलं, कारण दुसरी जागा नव्हती.

वच्छलाबाईंनी घास कालवला, तोंडात घातला, आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय वं, सुतकातलं जेवण वाढलं मले?"

खाटेवर धाड्कन आवाज झाला. बाबनरावांनी खाटेच्या पाइपावर हात आपटला होता. दोघी दचकून वळल्या. ते ताटाकडे बोट दाखवत होते, मग स्वतःच्या छातीकडे, मग पुन्हा ताटाकडे. आणि मान हलवत होते, हो, हो, हो. डोळे एवढे मोठे झाले होते की प्रेमिलाला भीतीच वाटली. त्यांनी मागच्या दाराकडे बोट नेलं, भिंतीकडे, जिथून झाकलेलं ताट यायचं. मग माळ्याकडे, जिथून कढई गेली होती. आणि शेवटी पुन्हा स्वतःच्या छातीवर पंजा ठेवून डोळे मिटले, मेलेल्या माणसासारखे.

प्रेमिला ओट्याला टेकली. मयताच्या घरी दहा दिवस फोडणी देत नाहीत, कढई चढत नाही, शेजारून झाकलेलं ताट येतं. मेलेल्याच्या वस्तू लोक घेऊन जातात. हे तिला लहानपणापासून माहीत होतं, जसं आपलं नाव माहीत असतं. आणि तिनं हे सगळं करून ठेवलं होतं, जिवंत माणसाच्या डोळ्यांदेखत. तो खाटेवर पडून आपलंच सुतक बघत होता.

"अगं बाप्पा!" वच्छलाबाई म्हणाल्या. "तुले काय वाटलं, तू गेला? काहून वं प्रेमिला, बाबन जिता असून घर असं ठेवलं तू?"

"वासानं त्याइले तरास होते म्हणून!" प्रेमिला ओरडलीच. मग खाटेजवळ खाली बसली, त्यांच्या पायांना हात लावून रडायला लागली. "तुमाले खाता येत नाई, अन् म्या तुमच्यासमोर तडका मारू? पहिल्या दिवशी डोळ्यांतून कसं पाणी आलं तुमच्या! मले वाटलं जीव जाते तुमचा. शपथ घेतली ना म्या तुमच्यासमोर! भुकी राहिली, भिंतीकडं तोंड करून खाल्लं, कशासाठी?"

बाबनराव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच मान हलवली, नाही, नाही. डोळ्यांना बोट लावलं, आणि ते बोट चुलीकडे केलं. पाणी आलं होतं ते त्रासाचं नव्हतं, असं काहीतरी. पूर्ण खरं काय होतं ते त्यांनाच माहीत. पण रुसवा गेला हे तिला चेहऱ्यावरून दिसलं.

"ऊठ," वच्छलाबाई म्हणाल्या. "शपथ माह्यावर घाल, मी म्हातारी हाये, मले पचते. चढव कढई."

प्रेमिलानं भिंतीवरून काडीपेट्या परत मागितल्या. इंदुताईला काही समजलं नाही, तिनं निमूट दिल्या. माळ्यावरून कढई आली, धूळ पुसली, तेल पडलं. प्रेमिला खाटेकडे बघत उभी राहिली. बाबनरावांनी पंजा वर केला, थांब. तेल तापू दे. थांब अजून. मग पंजा खाली आला. मोहरी तडतडली, लसूण गेला, मसाला गेला. ठसका घरभर झाला. वच्छलाबाई खोकायला लागल्या. बाबनरावांच्या डोळ्यांतून तशाच धारा लागल्या, लाळ गळली, आणि प्रेमिला बटणाकडे धावली तर त्यांनी पंजा वर केला. नको.

मग त्यांनी ताटाकडे आणि तिच्या तोंडाकडे बोट केलं. प्रेमिलाला समोर बसून जेवावं लागलं. बाबनराव पंगतीतल्या आचाऱ्यासारखे बघत होते, जेवणाऱ्याच्या तोंडावरून कळतं ना, कुठे काय चुकलं ते. त्यांनी भुवया उडवल्या, कसं झालं?

"मीठ कमी पडलं," प्रेमिला म्हणाली.

आणि बाबनराव हसले. अर्ध्या चेहऱ्यानं, पट्टीच्या वर फक्त डोळ्यांनी, पण हसले. संध्याकाळी नळीची मूठ उघडी होती. वच्छलाबाईंनी कोनाड्यातला करंडा भावाच्या हातात दिला तेव्हा त्यांनी अंगठ्यानं प्रेमिलाला कुंकू लावलं, आडवंतिडवं. तिनं ते झोपेपर्यंत सरळ केलं नाही.

वच्छलाबाई नागपूरला परत गेल्या. जितेंद्रला निरोप धाडला तेव्हा तो मान खाली घालून झारा घेऊन आला. कढई मोठी, ती राहू दे म्हणून प्रेमिलानंच सांगितलं. झारा बाबनरावांच्या उशाशी राहिला. आता पंजा वर उचलून धरण्याइतकी ताकद रोज नसायची, पण झाऱ्याचा दांडा धरून खाटेच्या पाइपावर वाजवता यायचं. तेल तापलं की एक टण. मसाल्याला तेल सुटलं की एक टण. प्रेमिलाला एवढ्या वर्षांत तेल कधी तापतं ते कळत नव्हतं असं थोडंच होतं. पण ती टण वाजल्याशिवाय हात हलवत नसे. इंदुताई भिंतीवरून विचारायची, "आज काय वाजून राहिलं?" आणि ताट देणं तिनं बंद केलं.

घर तरी एकटंच होतं. लोक यायचे नाहीत ते नाहीतच. पण एक माणूस रांधतो, एक सांगतो, असं दोघांचं काम पुन्हा सुरू झालं होतं. जेवताना ती बोलायची आणि आता उत्तरासाठी थांबायची.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. कूलरचं पाणी सकाळीच आटायचं. बाबनराव जास्त झोपू लागले, नळीचं पाणी अर्धंच जायला लागलं, श्वास मध्येच थांबून परत यायचा. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता जवळ आहे. प्रेमिलानं भारतीला यायला सांगितलं. ती दुपारच्या बसनं निघणार होती.

सकाळी प्रेमिलानं पट्टी बदलली आणि विचारलं, "आज पाटोड्या करू का? रस्सा?"

बाबनरावांची पापणी हलली. झाऱ्यावर बोटं आवळली. हो म्हणाले, असं तिनं धरलं. तिनं बेसन घोटून पाटोड्या थापल्या, वड्या पाडल्या. कांदा-खोबरं भाजलं, वाटलं. मग कढई ठेवली, जवसाचं तेल ओतलं, आणि पाठमोरी उभी राहून वाट बघू लागली.

तेल तापलं. टण आली नाही. तेलातून पहिला धूर निघाला.

"अवो, तेल तापलं," ती म्हणाली. "झोपले का?"

ती वळली. झारा हातातून सुटून चादरीवर पडला होता. तिनं गॅस बारीक केला आणि खाटेजवळ गेली. मच्छरदाणीखालून हात घालून नळीजवळ, नाकाखाली धरला. धरूनच राहिली. डोळे अर्धे उघडे, स्वयंपाकघराकडे लागलेले. तिनं ते मिटवले नाहीत.

हंबरडा फोडायचा, शेजार गोळा करायचा, ही रीत तिला माहीत होती. आवाज दिला की इंदुताई पहिली येणार, आणि आल्या आल्या पहिला हात गॅसच्या बटणाला लावणार. कढई उतरणार. मग दहा दिवस हे घर बिनफोडणीचं. रडायला तिच्याकडे पुढचं सगळं आयुष्य होतं. फोडणीला मात्र एवढाच वेळ होता.

तिनं झारा उचलला. खाटेच्या पाइपावर एक टण वाजवली. आणि जाऊन मोहरी टाकली.

मोहरी तडतडली, मसाला पडला, ठसका उठला. तिच्या एकटीच्याच डोळ्यांतून धारा लागल्या. वाटण परतलं, तेल सुटेपर्यंत परतलं, घाई केली नाही. पाणी ओतलं, उकळी फुटली, पाटोड्या सोडल्या. रश्श्यावर तर्री आली, लाल, जाड. तिनं ताट वाढून घेतलं, खाटेसमोर रोजच्या जागी बसली. पहिला घास तोंडात फिरत राहिला, पण तिनं तो गिळला. दुसराही गिळला.

"मीठ बरोबर हाये," ती म्हणाली.

ताट धुतलं, पालथं घातलं. कढईवर झाकण ठेवलं. मग गॅसचं बटण तिनं आपल्या हातानं बंद केलं, मच्छरदाणी वर केली, त्यांचे डोळे मिटवले, आणि मागच्या दारी जाऊन भिंतीवरून इंदुताईला हाक मारली. पुढचं रडणं साऱ्या पुऱ्यानं ऐकलं.

वच्छलाबाई दुपारी पोचल्या. भावाच्या छातीवर डोकं ठेवून रडून घेतलं, मग म्हाताऱ्या बाईच्या सवयीनं घरात काय उघडं, काय झाकलं ते बघत स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर कढई होती. त्यांनी झाकण उचललं. रस्सा अजून कोमट होता, आणि त्यातला एका माणसाचा वाढून घेतलेला. दाराशी प्रेमिला उभी होती, कपाळ कोरं.

"केव्हा गेला वं माहा भाऊ?"

"फोडणी दिल्यावर," प्रेमिला म्हणाली.

वच्छलाबाईंनी तिच्याकडे बघितलं, कढईकडे बघितलं, पालथ्या ताटाकडे बघितलं.

"वास होता ना घरात?"

"घरभर होता, बाई."

वच्छलाबाईंनी झाकण नीट बसवलं, पदरानं धरून कढई उचलली आणि मागच्या दारी नेऊन ठेवली. मग परत येऊन त्या ओटा पुसायला लागल्या.